अम्मींसाठी चाकांवरची खोली

"मेरेकू नको बाबा. तुम जाके आओ."

गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तीन वर्षं अम्मींचं हेच उत्तर. सोलापूरला भाचीचं लग्न असो, कोल्हापुरात कुणाचा अकीका असो, नाहीतर मुलांच्या सुट्टीतली सहल असो. आम्ही दोनदा आग्रह करायचो, तिसऱ्यांदा गप्प बसायचो. आपसात म्हणायचोही, वय झालं की माणूस हट्टी होतो.

खरं कारण आम्हाला आमच्या अकरा वर्षांच्या मुलीनं सांगितलं. "दादी बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. रस्त्यात लागली तर कुठं जायचं म्हणतात." आम्ही दोघंही त्या रात्री जेवताना काही बोललो नाही. ऑपरेशननंतर अम्मींना उकिडवं बसता येत नाही. ढाब्यावरचं शौचालय म्हणजे खाली बसायचं, ओली फरशी आणि कडी नसलेलं दार. एकदा अशाच ठिकाणी त्या घसरल्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, लागलं नाही, विषय संपला. त्यांच्या बाजूनं तो विषय तिथूनच सुरू झाला होता.

हे लिहिण्याआधी आम्ही त्यांची परवानगी घेतली. म्हणाल्या, "लिक्खो. मेरे जैसी कित्त्याँ बैठ्याँ होंगी घर में."

मिरजेत आमच्या धाकट्या भावाचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. त्याच्याकडे माल पोचवायला डबल केबिनचा पिकअप आहे, बोलेरो कॅम्पर. पुढच्या केबिनमध्ये चालक धरून पाच माणसं बसतात आणि मागं मालाचा छोटा हौदा. आमच्या घरात माणसं बरोबर पाच. मुलांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपच्या हौद्यावर बसवलेल्या खोल्या पाहिल्या होत्या. मुलगा म्हणाला, "चाचू, दादीसाठी अशी करा ना." भाऊ हसला. मग टेप घेऊन हौद्यात चढला.

हौद्याची लांबी पाच फुटांनाही थोडी कमी भरली, रुंदी मात्र साडेपाच फूट. म्हणजे लांबीत पाय पसरून झोपता येणार नाही, आडवं झोपलं तर येईल. अम्मींची उंची पाच फूट. त्या मापावरच सगळी खोली उभी राहिली.

भावानं दोन गोष्टी आधीच बजावल्या. पहिली, गाडीला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही. मोटार वाहन कायद्यानुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. शिवाय सुट्टी संपली की त्याला मालासाठी हौदा रिकामा हवा होता. म्हणून आम्ही गाडी बदललीच नाही. अॅल्युमिनियम सेक्शनची एक सुटी पेटी बनवली. ती रबराच्या चटईवर बसते, चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी आवळली जाते, आणि चार माणसांनी धरली की उतरते. दुसरी गोष्ट, गाडी चालू असताना पेटीत कुणीही बसायचं नाही. मालाच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा तर आहेच, पण एका ब्रेकला काय होईल याचा विचार केला तरी पुरे. मुलांनी खूप विनवण्या केल्या. मिळालं नाही.

भिंती एसीपी शीटच्या, आत एक इंच थर्माकोल. समोरासमोर दोन सरकत्या खिडक्या, जाळीसकट. केबिनच्या बाजूला सव्वादोन फूट रुंदीचा पलंग, त्याखाली सामानाचे खण. दाराजवळच्या कोपऱ्यात पडद्याआड मेडिकलच्या दुकानातून आणलेली कमोडची खुर्ची, खाली झाकणाची बादली, बाजूला हाताला येईल असा पकडायचा दांडा आणि अडकवलेला तोटीचा लोटा. बारा व्होल्टची बॅटरी, एक दिवा, एक छोटा पंखा. भावानं मजुरी घेतली नाही. बाकी खर्च एकतीस हजारांच्या आसपास आला. सहलीला दोन दिवस हॉटेलात राहून आलो असतो तर एवढा झाला नसता, हे खरं आहे. पण हॉटेलपर्यंतचा रस्ता हॉटेल देत नाही.

चुका भरपूर झाल्या. चढायला तीन पायऱ्यांची शिडी केली होती. अम्मींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि परत घेतला. भावानं ती मोडून पाच पायऱ्यांची केली, प्रत्येक पायरी सहा इंचांची, वर रबर, दोन्ही बाजूंना कठडा. मग गल्लीतच एक रात्र झोपून पाहायचं ठरलं. शेजाऱ्यांनी पेटीला 'मिनी बंगला' नाव दिलं. परतीचा पाऊस आला आणि रिबिटांच्या भोकांतून पाणी ठिबकायला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे सिलिकॉननं भरले. त्याच रात्री खिडक्या बंद ठेवल्यामुळे सकाळी आतून भिंती घामेजल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही खिडक्या थोड्या तरी उघड्याच. दुपारी पत्रा तापतो म्हणून छत पांढरं रंगवलं. गॅसची छोटी टाकी पेटीत पेटवायची नाही, स्वयंपाक बाहेरच. आणि गाडीचं इंजिन चालू ठेवून कुणी आत झोपायचं नाही. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. मिरजेहून कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी. सुमारे 180 किलोमीटर. अम्मी पुढच्या सीटवर. सफरची दुआ त्यांनीच म्हटली. दर दीड तासानं गाडी बाजूला घ्यायची असं आम्ही ठरवलं होतं. पहिल्या थांब्यावर त्या उतरल्याच नाहीत. दुसऱ्या थांब्यावर, घाटाच्या अलीकडे, मुलीनं शिडी लावली आणि हात पुढं केला. अम्मी आत गेल्या, पडदा सरकला. बाहेर आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "पानी दो जरा." पूर्ण बाटली संपवली. आम्ही आरशातून एकमेकांकडे पाहिलं.

आंबा घाटाच्या वळणांवर खणातली तेलाची बाटली फुटली आणि दोन चादरी गेल्या. खणांना कड्या लावायच्या राहिल्या होत्या.

पहिला मुक्काम जयगडजवळ, बीएडच्या काळातल्या एका मित्राच्या अंगणात. आम्ही दोघं ताडपत्रीच्या तंबूत, मुलं केबिनमध्ये, अम्मी पेटीत. त्यांच्या उशाशी बिनतारी घंटीचं बटण, घंटी आमच्या तंबूत. ती रात्रभर वाजली नाही आणि आम्ही रात्रभर जागे. पहाटे वाजली तेव्हा धावत गेलो. अम्मी उठून बसलेल्या. "फजर हुई. उठो सब."

या सफरीत मुलांना बरंच शिकायला मिळालं, तेही वर्गाबाहेर. आदल्या दुपारी असरची अजान ऐकून मुलगा म्हणाला, "यांचं घड्याळ पुढं आहे का?" घड्याळ बरोबरच होतं. कोकणातला मुस्लिम समाज बहुतांश शाफई, आम्ही हनफी. शाफई मसलकात असरची वेळ आधी सुरू होते. मशिदीत 'आमीन' मोठ्यानं म्हटलेलं ऐकून तो माझ्याकडे बघत राहिला. मित्रानं त्याला जवळ घेऊन समजावलं की चारही इमाम आपलेच, रस्ते वेगळे, किब्ला एक. आणि कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला म्हणजे थेट समुद्र. जयगडच्या कड्यावर आम्ही मगरिबची नमाज पढलो, समोर पाण्याशिवाय काही नव्हतं. पेटीत छत बुटकं, उभं राहता येत नाही. ज्याला उभं राहता येतं त्यानं फर्ज नमाज उभ्यानंच पढायची, म्हणून आम्ही बाहेर चटईवर. अम्मी खुर्चीवर बसून, आमच्या मागच्या सफमध्ये. हनफी पद्धतीनं प्रवाशाची जोहर, असर आणि इशा दोन-दोन रकअतींची होते हे मुलांना पाठ होतं. ते का असतं, हे त्यांना दमलेल्या दादीकडे बघून समजलं असावं.

पाण्याचाही धडा झाला. आमच्याकडे वीस लिटरचे दोन जार. घरी नळ सोडून वुजू करायची सवय, तेवढं पाणी एका दिवसात संपलं. मग मुलांना हदीसमधली गोष्ट सांगितली, की नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करत. मुद्द म्हणजे एक लिटरहून कमी. मुलीनं बाटलीवर पेनानं रेघ मारली. त्या रेघेत सगळ्यांची वुजू नीट होऊ लागली, थेंब न सांडता.

जयगडहून फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळ, तिथून गुहागर, मग धोपावे. तिथं पुन्हा फेरीबोट, वाशिष्ठीची खाडी, आणि पलीकडे दाभोळ. बोटीवर गाड्यांच्या रांगेत आमची पेटी पाहून एकानं विचारलं, "ह्यात काय विकता?" अम्मी म्हणाल्या, "कुछ नहीं. मेरा घर है."

दाभोळ आज शांत गाव आहे. बहमनी काळात ते मोठं बंदर होतं, अरबस्तान आणि इराणकडची जहाजं इथं लागत. 1508 साली पोर्तुगीजांनी ते जाळलं. पुढं आदिलशाहीत ते पुन्हा भरलं. खाडीकाठी त्या काळातली दगडी मशीद उभी आहे, घुमट आणि मिनारांची. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. तिची कहाणी गावात सांगतात ती अशी. विजापूरची एक शहजादी हजला निघाली आणि जहाजासाठी दाभोळला आली. प्रवासाची सोय होईना. दर्यात धोका, वारा उलटा. दिवस गेले, जाणं काही झालं नाही. तेव्हा सफरीसाठी आणलेला पैसा तिनं या मशिदीवर लावला.

जमातीच्या लोकांना विचारून आम्ही जवळच गाडी लावली. एका घरातून अम्मींना बोलावणं आलं. तिथल्या आजी कोकणी बोलत होत्या, अम्मी दखनी. दोघींचं सगळं जमलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण पोटभर खाऊन अम्मी परतल्या तेव्हा अंधार झाला होता. शहजादीची गोष्ट त्यांनी तिथंही ऐकली होती. पलंगावर बसून पाय चोळत म्हणाल्या, "उस बिचारी कू जहाज नहीं मिला. मैं तो कारण मुँह से बोलीच नहीं."

यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण आम्ही तरी कुठं विचारलं होतं? तीन वर्षं त्यांचं 'नको' आम्ही ऐकलं आणि त्याला स्वभाव समजलो. आईवडिलांसमोर 'उफ' सुद्धा म्हणू नये हे आम्ही वर्गात शिकवतो. त्यांच्याबद्दल पाठीमागं 'हट्टी' म्हणणं हे त्यात येतं की नाही, हे आम्ही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी घरी आलो. पेटी उतरवून दुकानाच्या भिंतीला लावली. कमोडची बादली रोज वाटेत पेट्रोल पंपाच्या शौचालयात रिकामी करून फिनेलनं धुवावी लागली. ते काम आम्ही दोघांनी वाटून घेतलं. लहानपणी त्यांनी आमचं किती काय धुतलं, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

प्रत्येकाकडे पिकअप नसतो, फॅब्रिकेशनवाला भाऊ नसतो. त्याची गरजही नाही. कमोडची घडीची खुर्ची, झाकणाची बादली, एक पडदा आणि दर दीड तासाला थांबायची तयारी एवढं कुठल्याही गाडीत बसतं. आधी घरातल्या थोरांना शेजारी बसून, एकट्यात, हळूच विचारावं लागतं, "तुम्ही नको का म्हणता?" आणि उत्तर यायला वेळ लागला तरी उठून जायचं नाही.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून फोन आला. भाचीच्या मुलाचा अकीका आहे. अम्मींनी फोन ठेवला आणि भावाला हाक मारली, "वो पेटी चढा रे गाडी पे. और इस बार खानों कू कड़ी लगा."