हाँगकाँगची रविवारची न्याहारी

आमचा भाचा नोकरीनिमित्त हाँगकाँगला असतो. "मामा, मामींना घेऊन एकदा याच," असा त्याचा आग्रह पुष्कळ दिवसांचा. रब्बीच्या पेरण्या आटोपल्या, रजा मंजूर झाली आणि आम्ही दोघे आठ दिवसांसाठी जाऊन आलो. तिथल्या उंच इमारती आणि डोंगर चढणारी ट्राम यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी सांगणार आहे ते एका न्याहारीबद्दल.

रविवारी सकाळी भाच्याच्या कचेरीतील मित्राने आम्हांला सिटी हॉलमधल्या मोठ्या उपाहारगृहात बोलावले. ही इमारत १९६२ सालची, बंदराजवळची. दहा माणसांचे गोल टेबल. त्याच्या म्हाताऱ्या आईपासून शाळकरी पोरापर्यंत सारे कुटुंब हजर. दालनात आठवडी बाजारासारखा गलका. बायका ढकलगाड्यांवर बांबूच्या टोपल्यांच्या चळती घेऊन फिरत होत्या. झाकण उघडले की वाफ. आपण बोट दाखवायचे, टोपली टेबलावर येते आणि आपल्या कार्डावर शिक्का बसतो.

या न्याहारीला तिकडे 'याम चा' म्हणजे चहा पिणे म्हणतात, आणि सोबतच्या खाण्याला डिम सम. एका टोपलीत नग तीन किंवा चार. त्यामुळे माणसे जितकी जास्त, तितके पदार्थ चाखायला मिळतात. डुकराचे मांस आम्ही खात नाही, हे भाच्याने आधीच सांगितले होते. तसली टोपली आली की म्हातारीबाई टेबलावरची फिरती चकती हळूच फिरवून ती दुसरीकडे नेत. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण लक्ष सारे आमच्याकडे.

हार गाऊ नावाचा कोलंबीचा पदार्थ आला. पारी इतकी पारदर्शक की आतली गुलाबी कोलंबी दिसावी. सौ.ने एक तुकडा तोंडात घातला आणि म्हणाली, "अहो, हा तर कुरडईचा चीक!" मी हसलो, पण भाच्याने विचारून सांगितले ते तेच निघाले. गव्हातला चिकट भाग काढून टाकला की जे सत्त्व उरते, त्यावर उकळते पाणी ओतून ही पारी मळतात. बी. एस्सी. मी झालो, पण ओळखले तिने. कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट भात आला तेव्हा तिला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या.

चहाची रीत मला विशेष वाटली. किटली हाती आली की आधी दुसऱ्यांचे पेले भरायचे, आपला सर्वांत शेवटी. ज्याला वाढला तो टेबलावर दोन बोटांनी टकटक करतो, तेच आभार. अठराव्या शतकात छ्येनलुंग बादशहाने वेष पालटून फिरताना नोकराला चहा ओतला. नोकराला लोकांत गुडघे टेकता येईनात, म्हणून त्याने बोटे टेकली, अशी कथा सांगतात.

सौ. मात्र सवयीने सर्वांचे खाणे होण्याची वाट पाहत बसली होती. म्हातारीबाईंनी ते हेरले. त्यांनी काड्यांनी एक गरम हार गाऊ उचलला आणि तिच्या वाटीत आधी ठेवला. तिने माझ्याकडे पाहिले. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. घरी ती माझ्याबरोबर गरम जेवायला बसल्याचे मला एकदाही आठवेना. शेतकरी मेळाव्यांत मी महिलांच्या आहारावर भाषणे दिली आहेत, हेही तेव्हाच आठवले. मी किटली घेतली आणि तिचा पेला भरला. तिने टकटक केली नाही, नुसती हसली.

चैत्रात कुरडयांसाठी गहू भिजवले तेव्हा तिने थोडा चीक बाजूला काढला. कोलंबी आमच्या गावात कुठली. सारण कोबीचे केले. पहिल्या खेपेला सगळ्या पाऱ्या फाटल्या. दुसऱ्या खेपेला तांदळाची पिठी मिसळली, तेव्हा चार धड निघाले. स्वयंपाकघरातच, मोदकपात्राशेजारी बसून आम्ही दोघांनी दोन-दोन खाल्ले.