हरकती व सूचना : संगणकप्रणालीच्या चाचणीविषयी

संगणकाच्या व्यवहारात ज्यास 'बीटा चाचणी' म्हणतात त्यास मराठीत रूढ शब्द अद्याप मिळालेला नाही. बीटा हे ग्रीक वर्णमालेतील दुसरे अक्षर. नवी प्रणाली तयार झाली की पहिली चाचणी ती घडविणारेच घेतात. दुसरी, ती विक्रीस किंवा वापरास खुली होण्यापूर्वी, बाहेरच्या माणसांकडून घेतली जाते. काही मित्र या दुसऱ्या चाचणीस 'रंगीत तालीम' म्हणतात. शब्द गोड आहे, पण नेमका नाही. रंगीत तालमीस येणारा बहुधा आप्तेष्ट असतो आणि तो टाळ्या वाजवूनच घरी जातो. येथे हवा असतो तो हरकत घेणारा.

आमच्या वकिली व्यवसायात यास जवळचा शब्दप्रयोग फार पूर्वीपासून आहे : हरकती व सूचना. एखादा नियम पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर करावयाचा असेल, तर १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या २३ व्या कलमानुसार त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, तो कोणत्या तारखेस विचारात घेतला जाईल हे सांगावे लागते आणि तोपर्यंत आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. चाचणीचे सारे मर्म या एका कलमात आहे असे आम्हांस वाटते. मसुदा हा मसुदाच असला पाहिजे. जो बदलावयाचाच नाही, त्यावर हरकती मागविणे म्हणजे निकालपत्र लिहून ठेवून मग साक्षीदारास पुकारणे होय.

आम्ही ज्या शहरात वकिली करतो त्या वडोदऱ्यास, म्हणजे आपल्या बडोद्यास, या रीतीचा एक मोठा दाखला आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात सुरू केला. अमरेली हा संस्थानाचा काठेवाडातील मुलूख, राजधानीपासून दूर. सबंध संस्थानास सक्ती लागू झाली ती १९०६ साली. मधली तेरा वर्षे एका तालुक्याने उरलेल्या संस्थानासाठी अनुभव गोळा केला. हीच सक्ती राजधानीतील एखाद्या नमुनेदार शाळेत अजमावली असती, तर ती पहिल्याच वर्षी यशस्वी ठरली असती आणि तिच्यातून काहीही कळले नसते. ज्या घरास पेरणीच्या दिवसांत पोराचे हात हवे असतात, त्या घराची हरकत राजवाड्याजवळ ऐकू येत नाही. पुढे १९११ साली नामदार गोखल्यांनी शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांना बडोद्याचा अनुभव आधारास घेता आला. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, पण बडोद्यातील प्रयोग बोलून दाखविण्याजोगा होता, तो या संथ पूर्वतयारीमुळे.

आता अलीकडची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मराठी दस्तऐवज टंकित करून साठविण्याची व त्यांत शोध घेण्याची एक नवी प्रणाली चाचणीसाठी आमच्याकडे आली. करणाऱ्यांचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आम्ही आनंदाने होकार दिला, कारण आमच्या कार्यालयातील जुन्या कागदांची भाषा सरळ नाही. वाटणीपत्र मराठीत, त्यावरील शेरा गुजरातीत, मधली पदे फारसी वळणाची. ज्या संस्थानाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील राज्यकारभाराचा कोश प्रसिद्ध केला, त्याचे कागद असेच असणार.

दोनच आठवड्यांत एक दोष ध्यानी आला. 'ॲडव्होकेट' हा शब्द शोधला की निम्मे कागद सापडत, निम्मे सापडत नसत. डोळ्यांस अक्षर तेच, पण संगणकाच्या लेखी ती दोन होती. युनिकोडमध्ये मराठीचे स्वतंत्र 'ॲ' आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यापूर्वी 'अ' वर निराळा चंद्र देऊन काम भागविले जाई. दोन्ही रीतींनी लिहिलेले कागद आजही एकत्र नांदतात आणि प्रणालीस मुद्दाम शिकविल्याखेरीज ती त्यांस एक मानीत नाही. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांचीही तीच कथा. कोणी साधा 'र' घेऊन त्यापुढे हलन्त व अदृश्य जोडचिन्ह टंकितो, कोणी नुक्त्याचा 'ऱ' घेतो. पडद्यावर दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही.

हा केवळ शुद्धलेखनाचा हट्ट नव्हता. आमच्या एका वृद्ध पक्षकार बाईंच्या माहेरच्या आडनावात 'ऱ्ह' होता. त्यांच्या वडिलांच्या वाटणीपत्राची टंकित प्रत शोधली असता प्रणालीने उत्तर दिले : असा कागद नाही. कारकुनाने जुन्या बासनातून तो हाताने काढला म्हणून बाईंचा वारसाहक्क मांडता आला. 'सापडला नाही' आणि 'अस्तित्वात नाही' यांत किती अंतर आहे, हे न्यायालयात उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

आम्ही दोष सविस्तर लिहून पाठविला. उत्तरादाखल आभाराचा छापील मजकूर आला. सोबतच्या प्रश्नावलीत प्रश्न होते : प्रणाली आपणांस उपयुक्त वाटली का? इतरांस तिची शिफारस कराल का? सरतपासणीत असे सूचक प्रश्न विचारले, तर विरुद्ध पक्षाचा वकील तत्क्षणी उठून उभा राहील. उत्तर ज्यात आधीच ठेवले आहे, तो प्रश्न साक्षीदाराकडून काहीही काढून घेत नाही. चार महिन्यांनी प्रणाली बाजारात आली. दोष जागच्या जागी होता. परीक्षकांपैकी बहुतेक एकाच शहरातील, एकाच कळफलकावर टंकणारे होते असे मागाहून कळले. त्यांच्यापुढे तो दोष कधी येणारच नव्हता.

याउलट अनुभव पुढे याच शहरात आला. काही तरुण अभियंत्यांनी तशाच एका छोट्या प्रणालीसाठी अवघे बारा परीक्षक निवडले : दोन वकील, एक निवृत्त तलाठी, शाळेतल्या शिक्षिका, एक मुद्रक, एक गुरुजी, आणि संगणकास बिचकणारी काही मंडळीही. "सवडीने पाहून कळवा" असे त्यांनी म्हटले नाही. प्रत्येकाने आपल्या रोजच्या कामातील दहा कामे या प्रणालीवरच करावयाची, अशी विनंती केली. मुदत सहा आठवड्यांची, शेवटची तारीख आधीच सांगितलेली. प्रत्येक तक्रारीचे चार रकाने : काय केले, काय व्हावे अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात काय झाले, आणि पुन्हा केल्यास तेच होते का. फिर्याद लिहून घेण्याची यापरती चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही. "नीट चालत नाही" हे मत झाले. या चार रकान्यांत जे उतरते तो पुरावा.

तक्रारीस क्रमांक मिळे आणि दर शनिवारी त्या क्रमांकासमोर उत्तर येई : दुरुस्त केले, दुरुस्त करीत आहोत, किंवा करणार नाही. 'करणार नाही' पुढे कारण लिहिलेले असे. आमच्या तीन सूचना अशा सकारण फेटाळल्या गेल्या आणि आम्हांस वाईट वाटले नाही. अपील चालते ते सकारण हुकुमावर. मौनावर अपील नाही. शिक्षिकाबाईंची एक तक्रार तर अशी होती, की तिच्यापायी प्रणाली खुली करण्याचा दिवस तीन आठवडे पुढे गेला. ती तारीख हलली, तेव्हा उरलेल्या अकरा जणांची आपले काम वाया जात नाही अशी खात्री पटली, आणि त्यानंतरच्या तक्रारी अधिक बारकाईच्या येऊ लागल्या.

मुदतीचा मुद्दा लहान नाही. गुगलची जीमेल सेवा एप्रिल २००४ मध्ये खुली झाली आणि जुलै २००९ पर्यंत तिच्यावर 'बीटा' ही पाटी होती. पाच वर्षांत लोकांचा सारा पत्रव्यवहार तिच्यातून चालू लागला होता. अशी पाटी पुढे पुढे सूचना मागत नाही, केवळ जबाबदारी टाळते. कलम २३ मधील तारीख म्हणूनच महत्त्वाची. हरकतीचे दार उघडे आहे हे जसे कळावे, तसे ते कधी बंद होणार हेही कळावे.

हे आम्ही सीमेपलीकडील मराठी वाचकांसाठी का लिहीत आहोत? कारण मराठीसाठी होणाऱ्या प्रणाल्यांचे परीक्षक बहुधा भाषेच्या मध्यावर राहणारे असतात, आणि भाषा जेथे दुसऱ्या भाषेस घासते तेथले कागद त्यांच्या टेबलावर येत नाहीत. एका ओळीत मराठी व पुढच्या ओळीत कन्नड असलेला उतारा बेळगावास किंवा निपाणीस मिळेल, गुजराती शेऱ्याचा आमच्याकडे, हिंदी वळणाचा इंदुरास. म्हणून आमची सूचना अशी : आपल्या घरातील व कामातील पन्नास शब्द आजच एका वहीत लिहून ठेवावेत. आडनावे, गावांची नावे, 'ऱ्ह' व 'ऱ्य' असलेले शब्द, 'ॲ' ने सुरू होणारे शब्द, 'ळ' ची नावे, आणि शेजारच्या भाषेत लिहिलेली त्यांचीच रूपे. कोणी चाचणीसाठी बोलाविले की प्रथम ही यादी त्या प्रणालीत भरावी, मग एकेक शब्द शोधावा. जे सापडणार नाही ते चार रकान्यांत लिहून पाठवावे आणि क्रमांक मागावा. क्रमांक आणि उत्तर न देणाऱ्यास पुढच्या खेपेस आपला वेळ देऊ नये.