पायांचे बळ

वयाच्या ५२व्या वर्षी, बंगळूरला मुलीकडे असताना, मी पोहणे शिकू लागलो. सोबतीला सारी लहान मुले. त्यामुळे संकोच वाटे. हात जोराने मारूनही मी पुढे सरकत नसे, पाय खाली बुडत.

प्रशिक्षक म्हणाले, "सर, पाय गुडघ्यातून नव्हे, कमरेपासून हलवा. घोटे सैल सोडा." आठवडाभर फळी धरून मी केवळ पाय मारण्याचा सराव केला. हळूहळू शरीर पाण्यावर आडवे राहू लागले, पाण्याचा अडथळा घटला आणि वेग वाढला. मुक्तशैलीत शरीर पुढे नेण्याचे बहुतेक काम हात करतात. परंतु पाय शरीराला समतोल ठेवतात, हे तेव्हा उमगले.

मग मुरलीकांत पेटकर आठवले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय लुळे पडले. तरीही १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पायांची साथ नसताना त्यांच्या हातांनी केवढा भार वाहिला असेल! माझे पाय तर धडधाकट होते. जड झाला होता तो केवळ संकोच. दुसऱ्या दिवशी तो काठावर ठेवूनच मी पाण्यात उतरलो.