बिबट्या आणि भाकरी

माणूस कुंपण घालतो ते चोरासाठी. बिबट्याला ते ठाऊक नसते. ३ डिसेंबर २०१९ रोजी सिडकोच्या एन-१ भागात, भरवस्तीत, बिबट्या शिरला. वन खात्याने त्याला बेशुद्ध करून नेले आणि आम्ही हुश्श केले. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत पुन्हा बिबट्याचे दर्शन घडले, तेव्हा मात्र आमच्या गल्लीची झोप उडाली. कोणी भिंतीवर काचा बसवल्या, कोणी रात्रभर दिवे जाळले. आता जो सरसर झाडावर चढतो त्याला आमच्या भिंतीचे काय कौतुक! खरे म्हणजे तो माणसासाठी येत नाही. कुत्री-डुकरे हे त्याचे भक्ष्य, आणि ती जमतात उकिरड्यावर. बंदोबस्त करायचा तो उकिरड्याचा.

येथेच आमच्या घरात पेच पडला. वडील गेल्यापासून आई रोज रात्री फाटकाशी चार कुत्र्यांना भाकरी घाली. एके दिवशी शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, हे आता बंद करा. आमची नात अंगणात खेळते." त्यांचे चुकले असे मला म्हणवेना. आई काहीच बोलली नाही. त्या रात्री चौघेही फाटकाशी बसून राहिले, आणि आईही जेवली नाही.

हल्ली ती दिवस मावळण्यापूर्वीच कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत भाकरी घालते, संपेपर्यंत उभी राहते, उरला तुकडा उचलून आणते. तीन कुत्री तिकडेच रमली. चौथी लंगडी, ती रात्री आमच्या स्वयंपाकघरात झोपते. काकांची नात तिला पाहायला येते.