श्वास सोडायची शिकवणी

छातीची फिजिओथेरपी म्हणजे पाठीवर थापा मारणं, अशी नातेवाइकांची पक्की समजूत असते. एखाद्या दिवशी थापटलं नाही की लगेच विचारणा होते, "मॅडम, आज बाबांची पाठ नाही केली?" थापांचा आवाज वॉर्डभर जातो, काहीतरी उपचार चाललाय हे दिसतं. श्वास कसा सोडायचा हे शिकवताना मात्र मी नुसती गप्पा मारत बसलेय असं त्यांना वाटतं. घाटकोपर-मुलुंडकडच्या वॉर्डांत काम करता करता माझं मत उलटं होत गेलंय. खरं काम ती शिकवणीच आहे.

आमच्या खाटांवर सीओपीडीचे रुग्ण असतातच, पण टीबीतून उठलेलेही बरेच असतात. सहा महिन्यांचा कोर्स पुरा केलेले, कागदोपत्री बरे. जंतू गेले, पण श्वासनलिका कायमच्या सैल होऊन फुगल्या, हा ब्रॉन्किएक्टॅसिस. त्या फुगवट्यात कफ साचतो, त्यात पुन्हा जंतू वाढतात आणि माणूस ताप घेऊन परत दाखल होतो. रोजच्या रोज बेडका बाहेर पडायला हवा, आणि नेमका हाच माणूस खोकला दाबतो. असल्फ्याच्या चाळीत खोकला भिंतीपलीकडे ऐकू जातो, लोकलमध्ये शेजारचा सरकून बसतो. "याला परत टीबी झाला" हे कुणी म्हणू नये, म्हणून तो गिळून टाकतो.

नेब्युलायझर घेऊन पंधरा-वीस मिनिटं झाली आहेत आणि जेवण व्हायचंय, ही माझी वेळ. आधी स्टेथोस्कोप लावून कफ कुठे आहे ते ऐकायचं. डावीकडे खाली असेल तर उजव्या कुशीवर वळवायचं. शरीराची ठेवण बदलून कफ उतरवण्यावर लंडनचे डॉक्टर विल्यम युअर्ट यांनी १९०१ सालीच लिहिलं होतं. पुस्तकातल्या चित्रांत खाटेची पायाकडची बाजू उंच असते. प्रत्यक्षात धापेने बेजार झालेल्या माणसाचं डोकं खाली केलं की तो घाबरतो, आम्लपित्त असेल तर पोटातलं वर येतं. मी सपाट कुशीवर भागवते.

मग थोडा वेळ पोटाने सावकाश श्वास, तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद रोखून, पुन्हा सावकाश. आणि त्यानंतर हफ. जोर लावून खोकलं की छातीतल्या दाबाने आधीच कमकुवत झालेल्या नळ्या मिटतात आणि कफ आतच अडकतो. म्हणून तोंड उघडं, घसा मोकळा, चष्म्याच्या काचेवर वाफ धरतो तसा लांब "हाऽऽ". या वेळी माझा तळवा खालच्या बरगड्यांवर असतो. आत कफ हलला की हाताला थरथर लागते. ती वर सरकली की मी म्हणते, "काका, आता पूर्ण श्वास घ्या आणि एकदम सोडा." डबीत हिरवट, घट्ट बेडका पडतो. काका तो निरखून बघतात, "एवढा होता होय आत!"

थापा मीही मारते. रुग्ण फार थकलेला असेल, सांगितलेलं करू शकत नसेल, तर अंगावर कापड ठेवून, हाताची ओंजळ करून, कणा टाळून. पण बरीच वर्षं स्टेरॉइडवर राहून हाडं ठिसूळ झाली असतील तिथे नाही. आणि थापा मारायला मी घरी जाणार नसते. हफ त्यांच्याबरोबर घरी जातो.

डिस्चार्जच्या आधी जिना करून घेते. घाटकोपर स्टेशनचा पूल यांना चढायचाच असतो. उभं राहून श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून सोडत सोडत पायऱ्या चढायच्या, थांबायचं. मागून गर्दी रेटत असेल तर कठडा धरून बाजूला व्हायचं आणि तिला पुढे जाऊ द्यायचं.

तुमच्या घरचं कुणी दाखल असेल तर "पाठ केली का" असं विचारू नका. "आम्हाला शिकवलं का" असं विचारा. आणि घरी गेल्यावर बेडक्यात रक्त दिसलं तर थापा लगेच बंद करून डॉक्टरांना गाठा. ताप, वजन घटणं सुरू झालं तर थुंकी पुन्हा तपासून घ्या. टीबी परत येऊ शकतो, आणि परत आलेल्या टीबीवरही औषध आहे.