हरभऱ्याएवढे चेहरे

परभणीत माझं फ्लेक्स-डिझाइनचं दुकान आहे. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे कार्यकर्ते इथे येऊन चहा पितात. २०२४च्या लोकसभेला मात्र फ्लेक्सपेक्षा मोबाइलचं काम जास्त होतं, आणि त्यात एक पेच होता. २०१४ आणि २०१९ला संजय जाधव धनुष्यबाणावर निवडून आले होते. पुढे शिवसेना फुटली, बाण शिंदे गटाकडे गेला, ठाकरे गटात राहिलेल्या जाधवांच्या हाती मशाल आली. समोर महादेव जानकर, त्यांची शिट्टी. दोन्ही चिन्हं मतदाराला नवखी. २६ एप्रिलच्या आत ती जिंतूर-गंगाखेडपासून थेट जालना जिल्ह्यातल्या परतूर-घनसावंगीपर्यंत लोकांच्या डोळ्यांत बसवायची होती.

पोस्टर करायला बसलं की कार्यकर्ता आधी नेत्यांचे फोटो मोजतो. मधे कोण, मोठा कोणाचा, राहिला कोण. फ्लेक्सवर ते खपतं. मोबाइलवर चेहरे हरभऱ्याएवढे होतात आणि चिन्ह कोपऱ्यात अंग चोरून बसतं. म्हणून तयार झालेलं चित्र मी आधी आईच्या तडा गेलेल्या मोबाइलवर, दारातल्या उन्हात बघायचो. तिला चष्म्याविना चिन्ह ओळखू आलं तरच पुढे. पाठवायचं रात्री आठनंतर. त्याआधी माणूस रानात असतो.

शेवटचा हात बूथवरच्या पोराचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, म्हणून मूळ फाइल थेट त्याच्याकडेच द्यायची. तो ती पारावर चार जणांना दाखवतो. गावाचा विश्वास चित्रावर नसतो, दाखवणाऱ्यावर असतो.

४ जूनला निकाल लागला. मशाल सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आली. चिन्ह लोकांपर्यंत पोचलं होतं, एवढं नक्की.

प्रचारातच एकदा आईने चित्र बघून विचारलं होतं, "चिन्ह कळलं रे. पण सोयाबीनच्या भावाचं कुठं लिव्हलंय?" हमीभाव ४,६०० रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली. तिचा प्रश्न मी जसाच्या तसा एका पक्षाच्या ग्रुपवर टाकायला गेलो.

तिथे लिहायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला होती.