माझ्या रायफलीला कोणता छर्रा?

ह्यूस्टनला माझ्या मावसभावाच्या गॅरेजमध्ये एका भक्कम टेबलावर हाताने दाबायचा लोखंडी प्रेस बसवलेला आहे. बाजूच्या डब्यांत बोटभर लांबीच्या पोलादी नळ्या. या नळ्या म्हणजे डाय, काडतुसाच्या पुंगळीला मापात आणणारे साचे. तो हरणांच्या शिकारीला जातो आणि रायफलीची काडतुसं घरीच भरतो. मी चाळिशी ओलांडल्यावर नेमबाजी शिकायला लागलेली, त्यामुळे त्या टेबलापासून हलेचना. “अगं ताई, बार झाला की पितळी पुंगळी फुगते, चेंबरच्या आकाराची होते. पुन्हा वापरायची तर दाबून मापावर आणावी लागते,” तो म्हणाला. एक डाय पूर्ण पुंगळी दाबते, दुसरी फक्त तिची मान, तिसरी नवी गोळी त्या मानेत बसवते. पिस्तुलाच्या सरळसोट पुंगळीसाठी कार्बाइडचं कडं असलेली डाय मिळते, तिला वंगण लागत नाही. रायफलीच्या निमुळत्या मानेच्या पुंगळीला मात्र वंगण लावलंच पाहिजे, नाहीतर ती आत अशी रुतते की काढता काढता नाकी नऊ येतात. त्याच्याकडे ली कंपनीची स्वस्त डाय होती आणि रेडिंगची महाग, डोक्यावर मायक्रोमीटर असलेली. दोन्हींनी भरलेली काडतुसं तो फिरवून बघायचा, गोळी किती सरळ बसली ते डायलवर मोजायचा. हे मोजणं मला मनापासून आवडलं. नोएडाला परतताना डोक्यात एकच विषय होता: आपण कोणती डाय घ्यायची?

सूरजकुंड रस्त्यावरच्या डॉ. कर्णीसिंग शूटिंग रेंजवर मी सर्वसामान्यांसाठी असलेल्या योजनेतून सरावाला जाते. १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेली ही रेंज. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग स्वतः पाच ऑलिंपिक खेळलेले नेमबाज होते, त्यांचं नाव तिला दिलं आहे. तिथे मी कोचना डायबद्दल विचारलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, ये ख़याल यहीं छोड़ दीजिए.” १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ त्यांनी मला वाचायला लावलं. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं, विकणं, त्यात फेरफार करणं, काहीच चालत नाही. अमेरिकेत जो रविवारचा छंद आहे, तो इथे गुन्हा. हे मला ठाऊक नव्हतं, आणि माझ्यासारख्या नवख्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला आजही वाटतं.

पण खरा धक्का पुढे होता. कोचनी ५० मीटरच्या लेनवरची एक रिकामी पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली. .२२ ची, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. “इसमें प्राइमर ढूँढिए.” भावाच्या पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एक छोटी वाटी होती. ठिणगी तिथे पडते, आणि वापरलेली वाटी काढून नवी बसवता येते. या पुंगळीचं बूड कोरं. निरखून पाहिल्यावर अगदी कडेला एक चपटा खळगा दिसला. .२२ मध्ये पेट घेणारं रसायन बुडाच्या काठाच्या आतच भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या काठावर आपटते, काठ चेपतो आणि पुंगळीचं आयुष्य संपतं. नेहमीच्या कोणत्याही डायने ती पुन्हा भरता येत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं ते .२२ वर. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली तीही .२२ वर. ही मंडळी काडतुसं भरत नाहीत. ती कारखान्यातले वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जो जमतो तो घेतात. पुंगळी कोचनी परत मागून घेतली आणि मोजून डब्यात टाकली.

मग माझ्यासाठी उरलं काय? माझी रायफल हवेवरची, १० मीटरची. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या अशा रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही. हिच्यात ना पुंगळी, ना दारू. शिशाचा छर्रा तेवढा असतो. तो मी पहिल्यांदा चिमटीत धरून नीट पाहिला. आकार डमरूसारखा: पुढे सपाट डोकं, मध्ये कंबर, मागे पोकळ परकर. डोकं सपाट असल्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजता येतात. मागून हवेचा दाब आला की पातळ परकर फुलतो आणि नळीतल्या आट्यांना चिकटतो. तोवर मी डब्यातून येईल तो छर्रा उचलून भरत होते. त्या दिवशी डब्याच्या तळाशी परकर चेपलेले छर्रे सापडले, एक-दोन नव्हे, चांगले मूठभर.

दुकानात गेले तर काउंटरवर डब्यांची उतरंडच. जर्मनीचे आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक प्रजासत्ताकाचे जेएसबी. रायफलीचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, पिस्तुलाचा त्याहून हलका. वर डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर माणसं वाद घालत होती. डब्याच्या मागे लॉट क्रमांक, आणि काही डब्यांवर चक्क छर्रा कोणत्या डायमधून निघाला तिचाही क्रमांक! भावाच्या गॅरेजमधली डाय मला इथे अशी भेटली. काडतूस असो की छर्रा, धातूला आकार देणारा साचा हळूहळू झिजतो, बदलला जातो, आणि त्याच नावाच्या दोन डब्यांतला माल तंतोतंत सारखा राहत नाही. दुकानदाराला मी विचारलं, सगळ्यांत चांगला कुठला? तो म्हणाला, “आपकी बैरल बताएगी.” मी चार डबे घेतले. त्यांत दोन एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, फक्त लॉट वेगळा.

घरी सराफी काट्यावर एकेक छर्रा वजन करायला बसले. ०.५३, ०.५३, ०.५३. डबेच्या डबे सारखे निघाल्यावर आनंद झाला. मग लक्षात आलं की हा काटा दहा मिलिग्रॅमच्या खालचा फरक दाखवतच नाही, आणि मला हवा होता तो फरक त्याच्या खालीच असणार. काचेवर घरंगळवून पाहिलं तेव्हा मात्र उपयोग झाला. चेपलेला छर्रा वेडावाकडा वळतो, चांगला सुबक कमान काढतो. तेवढी निवड घरी होऊ शकते. शिशाला हात लावला की हात साबणाने धुवायचे आणि त्याआधी काही खायचं नाही. कोचनी हे इतक्यांदा बजावलं आहे की आता सवय झाली आहे.

रेंजवर मी चारही डब्यांचे दहा-दहा छर्रे उभं राहून मारले. या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नऊचं वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं. माझी भोकं आठ-सातपर्यंत पसरलेली. तरी मी वहीत लिहिलं: तिसरा डबा उत्तम. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं, तर तिसरा सगळ्यांत वाईट आणि पहिला उत्तम. मी मोजत होते तो माझा श्वास, माझे खांदे, चाप ओढताना होणारी माझी घाई. छर्ऱ्यांमधला फरक त्या सगळ्याखाली पार गाडला गेला होता.

कोचनी मग रायफल शिकंज्यात बसवली. लाकडी जबड्यांत, मध्ये रबर घालून, नळी कुठेही टेकणार नाही अशी. माझं काम एवढंच: छर्रा भरायचा, चाप ओढायचा आणि दर छर्ऱ्याला एवढाच जोर लावायचा की शिकंजा हलू नये. नळीला नव्या छर्ऱ्याची सवय व्हावी म्हणून प्रत्येक डब्याचे सुरुवातीचे काही छर्रे सोडून द्यायचे, मग दहाचा ग्रुप. दहा छर्रे मिळून कागदावर एकच भोक पडतं, कडा जरा फाटलेली. व्हर्नियरने या काठापासून त्या काठापर्यंत मोजायचं. एकट्या छर्ऱ्याचं भोकच साडेचार मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सहाच्या आत आलं तर उत्तम. पहिल्या डब्याचा ग्रुप सातच्या पुढे. दुसरा साडेसहा. आणि एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या त्या दोन डब्यांतला एक पावणेसहा, दुसरा सातच्या जवळ! खात्रीसाठी क्रम उलटा करून पुन्हा मारले. तोच निकाल. कागद मी खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत होते. नाव तेच, माप तेच, किंमतही तीच. फरक फक्त तळाशी छापलेल्या लॉट क्रमांकात.

शेजारच्या लेनवरच्या एका मुलीने तिचा आवडता डबा मला दिला. तिच्या रायफलीत तो सुरेख चालतो. माझ्या रायफलीत सर्वांत वाईट ग्रुप त्याचाच आला. दोघींच्या रायफली एकाच कारखान्यातल्या, तरी नळीच्या आतली घडण सूक्ष्मपणे वेगळी. म्हणून अमुक छर्रा घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. चाचणी कशी करायची तेवढं सांगेन: आधी स्वतःला प्रयोगातून बाहेर काढा, मग मोजा. आणि अजून सात-आठच्या वर्तुळात असाल तर चाचणीवर पैसे घालूच नका. एक बऱ्यापैकी डबा घ्या, चेपलेले छर्रे वेचून टाका आणि उभं राहण्याचा सराव करा. पावणेसहा आणि सात यांतल्या सव्वा मिलिमीटरने निकाल फिरतो तो ६० शॉटच्या स्पर्धेत, जिथे एका छर्ऱ्याला १०.९ पर्यंत दशांशात गुण मिळतात.

मी मात्र थांबले नाही. दुकानात फोन करून तो लॉट क्रमांक वाचून दाखवला. त्या लॉटचे सहा डबे शिल्लक होते. सगळे बाजूला ठेवायला सांगितले आणि पैसे लगेच पाठवले. प्रत्येक डब्यावर तारीख घातली आहे. शेवटचा डबा उघडेन तेव्हाच नव्या लॉटचा नमुना आणायचा आणि शिकंजा मागून घ्यायचा, म्हणजे जुना आणि नवा एकाच दुपारी, एकाच नळीतून मारून पाहता येतील.